रिकामा फेरा : ॲप-टॅक्सीचा चालक, प्रवासी आणि भाड्याचा हिशेब

भाड्याच्या वाहनाने प्रवास करणे गोमंतकीयांना नवे नाही. बस जेथे थांबते तेथून पुढचा वाड्यावरचा रस्ता ‘पायलटा’च्या मागे बसून गाठावयाचा, ही रीत येथे कित्येक वर्षे रूढ आहे. दुचाकी टॅक्सीला परवानगी द्यावी की देऊ नये, याविषयीचे वाद देशातील मोठ्या शहरांत अलीकडे रंगले; गोव्यात मात्र पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीचा हा व्यवसाय फार पूर्वीच परवानाधारक म्हणून स्थिरावला. पर्यटक टॅक्सीचीही तीच कथा. हॉटेलाबाहेरचा, रेल्वे स्थानकाबाहेरचा वा बाजारातला स्टँड, तेथील नंबराची रांग आणि गाडीत बसण्यापूर्वी होणारी भाड्याची घासाघीस या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

गेल्या दशकात या चित्रात मोबाइल ॲपची भर पडली. घासाघीस गेली, भाड्याचा आकडा पडद्यावर आधीच दिसू लागला. तरीही तक्रारी संपल्या नाहीत, उलट त्या दोन्ही बाजूंनी वाढल्या. प्रवासी म्हणतो, भाडे फार झाले. त्याच फेरीविषयी चालक म्हणतो, हाती काहीच उरले नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. एकाच फेरीत दोघांनाही आपण नाडले गेलो असे का वाटावे, या प्रश्नाचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

व्यवस्थेचे स्वरूप

प्रथम संज्ञांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘राइड-शेअरिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ सहप्रवास असा आहे. स्वतःच्या कामासाठी जाणाऱ्या मोटारमालकाने त्याच वाटेच्या प्रवाशांना सोबत घ्यावे व इंधनाचा खर्च वाटून घ्यावा, हे त्याचे स्वरूप. परंतु व्यवहारात याच नावाखाली जो व्यवसाय फोफावला तो टॅक्सीचाच आहे. त्यात चालक स्वतःच्या कामासाठी निघालेला नसतो. प्रवाशाला पोचविणे हेच त्याचे काम असते.

हा फरक गाडीच्या क्रमांकपट्टीवर वाचता येतो. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी असते. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरे असतील तर ते प्रवासी वा मालवाहतुकीचे व्यावसायिक वाहन समजावे. काळ्या पट्टीवरील पिवळी अक्षरे स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिलेल्या वाहनाची असतात. व्यावसायिक वाहन विजेवर चालणारे असेल, तर हिरव्या पट्टीवर पिवळी अक्षरे दिसतात.

ॲप-टॅक्सीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात : चालक, प्रवासी आणि या दोघांची गाठ घालून देणारी मध्यस्थ संस्था. या मध्यस्थाला कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ म्हटले आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे उबर कंपनीची स्थापना झाली. भारतात ओला कंपनी २०१० मध्ये स्थापन झाली. उबरने २०१३ मध्ये बंगळुरात आपली सेवा आणली. दुचाकीच्या फेऱ्यांसाठी ओळखली जाणारी रॅपिडो ही सेवा २०१५ मध्ये बंगळुरातच जन्मली. गोव्यात पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘गोवामाईल्स’ हे ॲप सुरू झाले. स्टँडवरील टॅक्सीचालकांनी त्यास प्रारंभापासून विरोध केला. २०२५ मध्ये ॲग्रिगेटरविषयक नियमांचा मसुदा राज्यात प्रसिद्ध झाला, तेव्हाही चालकांनी मोठ्या प्रमाणावर हरकती नोंदविल्या.

हा विरोध केवळ नव्याच्या भीतीपोटी होता असे समजणे चुकीचे ठरेल. त्यामागे एक आर्थिक कारण आहे. तेच या अभ्यासाचे सूत्र होय.

भाड्याचा हिशेब

ॲपवरील भाडे साधारणतः चार घटकांनी ठरते : किमान भाडे, अंतर, लागणारा वेळ आणि त्या घटकेची मागणी. मागणी वाढली म्हणजे भाडे चढते. पावसाच्या सरी कोसळू लागल्या किंवा गाडी येताच शेकडो उतारू एकदम स्थानकाबाहेर पडले, की हा अनुभव येतो. प्रवाशाला यातील शेवटचा आकडा तेवढा दिसतो. चालकाच्या हाती काय पडते, हे कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून सोयीचे धरले आहेत.

समजा, २८ किलोमीटरच्या फेरीचे भाडे ₹७०० झाले. प्रवाशाकडून घेतला जाणारा कर यात धरलेला नाही. मध्यस्थ संस्थेने २० टक्के, म्हणजे ₹१४०, आपल्याकडे ठेवले. चालकाचे राहिले ₹५६०. प्रवाशापर्यंत पोचण्यासाठी त्याने २ किलोमीटर गाडी रिकामी चालविली आणि प्रवाशाला सोडून ३० किलोमीटर रिकामाच परतला. गाडी एकूण ६० किलोमीटर धावली. लिटरला १५ किलोमीटर या हिशेबाने ४ लिटर पेट्रोल लागले. दर ₹१०० धरल्यास खर्च ₹४००. हाती उरले ₹१६०. यातूनच कर्जाचा हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि घरखर्च भागवावयाचा. या फेरीत जाणे-येणे व वाट पाहणे मिळून सहज अडीच-तीन तास गेलेले असतात.

आता याच हिशेबात एकच बदल करू. प्रवासी उतरला त्याच ठिकाणी परतीच्या वाटेवरचा दुसरा प्रवासी तेवढ्याच अंतरासाठी व तेवढ्याच भाड्याने मिळाला असे समजू. गाडी तेवढीच, ६० किलोमीटर, धावेल. पेट्रोलही तेवढेच जळेल. पण चालकाची मिळकत दुप्पट, ₹१,१२० होईल आणि खर्च वजा जाता हाती ₹७२० राहतील. ₹१६० आणि ₹७२० यांतील अंतर केवळ परतीच्या एका प्रवाशाने घडविले.

आणखी एक तुलना उद्‌बोधक ठरेल. मध्यस्थाचे कमिशन पूर्णपणे रद्द केले, परंतु गाडी रिकामीच परतली, तर चालकाच्या हाती ₹३०० राहतील. म्हणजे कमिशन माफ होण्यापेक्षा परतीचा प्रवासी मिळणे चालकाला कितीतरी अधिक फायद्याचे आहे. बंगळुरात २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ या ॲपने कमिशनऐवजी ठरावीक शुल्काची वाट दाखविली, ती निश्चितच स्वागतार्ह होय. तथापि, रिकाम्या फेऱ्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

रिकाम्या फेऱ्याचा भार कोणावर ?

या प्रश्नाला आजवर तीन उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर स्टँडचे. स्टँडच्या व्यवस्थेत प्रत्येक स्टँडची हद्द ठरलेली असते. मोपाच्या विमानतळावरून मडगावला प्रवासी सोडला, तर अंतर साठ किलोमीटरांहून अधिक होते. परंतु मडगावच्या स्टँडवर रांगेत उभ्या असलेल्या चालकांना डावलून तेथला प्रवासी घेणे बाहेरच्या चालकाला शक्य नसते. त्याने रिकामेच परतले पाहिजे. म्हणून स्टँडवर सांगितलेल्या भाड्यात परतीचा खर्च गृहीत धरलेला असतो. बाहेरगावच्या पाहुण्याला गोव्यातील टॅक्सी महाग वाटते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. येथे रिकाम्या फेऱ्याचा भार प्रवासी वाहतो.

दुसरे उत्तर ॲपचे. तेथे भाडे प्रवासी बसल्यापासून उतरेपर्यंतच आकारले जाते. प्रवाशाचे भाडे उतरते, पण परतीचा प्रवासी मिळाला नाही तर रिकाम्या फेऱ्याचा भार चालकावर पडतो. वर दाखविलेला ₹१६०चा हिशेब तो हाच.

तिसरे उत्तर असे, की फेरा रिकामा राहूच नये. जेथे उतरावे तेथेच दुसरा प्रवासी मिळावा, अशी जुळणी करणे हा ॲपचा खरा गुण आहे. पण ही जुळणी दाट वस्तीच्या मोठ्या शहरात जमते. हैदराबाद किंवा बंगळूर येथे दुपारी दोन वाजताही पुढच्या चौकात प्रवासी मिळू शकतो. काणकोणच्या वा सत्तरीच्या एखाद्या गावात रात्री नऊ वाजता तो कोठून मिळावा? शिवाय गोव्याचा व्यवसाय हंगामी. डिसेंबरात गाड्या अपुऱ्या पडतात आणि आषाढात त्याच गाड्या दिवस दिवस उभ्या राहतात. शहराचे भाडेपत्रक गावाला जसेच्या तसे लावणे योग्य का नाही, हे यावरून लक्षात येईल.

चालकाचा दिवस

हिशेबाबरोबर अनुभवही पाहिला पाहिजे. ॲपवरील चालक स्वतंत्र व्यावसायिक समजला जातो. परंतु भाडे तो ठरवीत नाही, प्रवासी तो निवडत नाही आणि आयडी बंद पडली तर उद्या काम मिळेल की नाही, हेही त्याच्या हाती नसते. फेरी नाकारली तर गुण कमी होतात. गुण कमी झाले तर पुढची चांगली फेरी दुसऱ्याकडे जाईल ही धास्ती असते. पाच तारकांपैकी चार देणारा प्रवासी मनातून समाधानी असतो. चालकाच्या सरासरीत मात्र तीच तारका उणी पडते.

दुसरी अडचण पत्त्याची. आपल्याकडे घराची ओळख क्रमांकापेक्षा वाड्याने, वडाच्या झाडाने, देवळाने किंवा कपेलाने होते. नकाशावरील पिन पलीकडच्या गल्लीत पडते, मधे शेत वा खाजन असते आणि चालक दोन किलोमीटरचा वळसा घालून येतो. त्या वळशाचे पेट्रोल कोणत्याही पावतीवर दिसत नाही. विमानतळाच्या वाहनतळावर तासन्‌तास नंबर लागण्याची वाट पाहणे, त्या वेळात स्वच्छ शौचालय न मिळणे, रात्री मद्यपी प्रवासी गाडीत बसणे या गोष्टीही नित्याच्याच. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲप-टॅक्सीचालकांनी वातानुकूलन बंद ठेवण्याची मोहीम काढली. मिळणाऱ्या दरात वातानुकूलनाचे इंधन परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उन्हाळ्यात घामाघूम झालेल्या प्रवाशाला ती अडवणूक वाटली असेल; चालकाच्या दृष्टीने तो साधा वजाबाकीचा प्रश्न होता.

प्रवाशाच्या तक्रारी

प्रवाशाच्या तक्रारीही तितक्याच खऱ्या आहेत. फेरी स्वीकारल्यानंतर चालकाचा फोन येतो, “ताई, कुठे जायचंय ? पैसे रोख देणार ना ?” उत्तर ऐकून तो फेरी रद्द करतो. थिवी वा करमळीला पहाटेची गाडी पकडावयाची असते, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे असते; अशा वेळी दहा मिनिटे वाट पाहून पदरी नकार यावा, ही साधी गैरसोय नव्हे.

या वर्तनाचे समर्थन करता येत नाही, पण त्याचे कारण समजून घेता येते. ‘कुठे जायचंय ?’ या प्रश्नामागे ‘परत कसा येऊ ?’ हा प्रश्न दडलेला असतो. रोख पैशांचा आग्रह बहुधा त्याच दिवशीच्या पेट्रोलसाठी असतो. ॲपमधून खात्यात येणारी रक्कम पंपावर लगेच उपयोगी पडेलच असे नाही. मागणीच्या वेळी चढणाऱ्या भाड्याविषयी प्रवासी चालकाशी हुज्जत घालतो. वास्तविक तो दर चालकाने ठरविलेला नसतो.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या हिशेबाच्या वर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲप-टॅक्सीतील महिला प्रवाशावर चालकाने केलेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. चालकाची पूर्वपीठिका नीट तपासली गेली पाहिजे, हा धडा त्या घटनेने दिला. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बस आदी सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र व संकटसमयी दाबावयाचे बटन आवश्यक करण्यात आले. दुचाकी व तीनचाकी वाहने त्यातून वगळली आहेत.

कायद्याची स्थिती

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात ॲग्रिगेटरचा उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि त्याला परवाना घेणे बंधनकारक झाले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जुलै २०२५ मध्ये त्यांची जागा नव्या तत्त्वांनी घेतली. परवाना देणे व भाड्याचे मूळ दर ठरविणे हे काम राज्यांचे असल्याने प्रत्यक्ष अंमल राज्यागणिक वेगळा असतो. नव्या तत्त्वांतील मुख्य तरतुदी अशा :

१. मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दुपटीहून अधिक नसावे आणि मागणी घटली तरी ते निम्म्याखाली जाऊ नये.

२. स्वतःची गाडी आणणाऱ्या चालकाला भाड्यातील किमान ८० टक्के हिस्सा मिळावा.

३. सबळ कारणावाचून फेरी रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या १० टक्के, परंतु कमाल ₹१००, दंड व्हावा.

४. चालकास किमान ₹५ लाखांचा आरोग्य विमा व ₹१० लाखांचा मुदत विमा असावा.

५. किमान भाडे ३ किलोमीटरांसाठी धरावे, जेणेकरून प्रवाशापर्यंत रिकामे येण्याचा खर्च भरून निघेल.

यातील पाचवी तरतूद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. रिकाम्या अंतराला खर्च असतो, हे कायद्याने येथे मान्य केले. परंतु ही भरपाई जवळच्या अंतराची आहे. लांबच्या फेरीनंतर रिकामे परतण्याचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

दुसरा प्रश्न सामाजिक सुरक्षेचा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना ‘कामगार’ मानून किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क मान्य केला. भारताने वेगळी वाट धरली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा श्रमिकांसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केला असून ॲग्रिगेटरांच्या यादीत पहिले नाव राइड-शेअरिंग सेवेचे आहे. ॲग्रिगेटरने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम श्रमिकांच्या निधीत द्यावी, मात्र ती श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी योजना आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. राज्यांपैकी राजस्थानने २०२३ मध्ये पहिला स्वतंत्र कायदा केला. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये केला, त्यामुळे बेळगाव परिसरातील मराठी भाषिक चालकांनाही तो लागू आहे. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारची कामे करणारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. या आकड्यांवरून प्रश्नाची व्याप्ती कळून येईल.

व्यवहारात काय करता येईल ?

नियम होईपर्यंत थांबावे लागू नये अशा काही गोष्टी दोन्ही पक्षांना सहज करता येतील.

प्रवाशांनी पिन नेमक्या ठिकाणी ठेवावी व जवळची ठळक खूण संदेशात कळवावी. गाडी येण्यापूर्वी रस्त्यावर येऊन थांबावे. गाडीत बसण्याआधी क्रमांक व चालकाचा चेहरा ॲपवरील तपशिलाशी ताडून पाहावा आणि सांकेतिक अंक त्यानंतरच सांगावा. रात्रीच्या प्रवासाचा माग घरच्यांना पाठवावा. संकटसमयी ११२ हा क्रमांक लावावा. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. दुर्गम गावी जावयाचे असल्यास आणि परतीचेही काम असल्यास दोन्ही फेऱ्या मिळून आधीच ठरवाव्यात. त्यात दोघांचाही लाभ आहे. फेरी नीट पार पडली असेल तर पूर्ण तारका द्याव्यात.

चालकांनी दररोज दोनच आकडे वहीत लिहावेत : गाडी एकूण किती किलोमीटर धावली आणि त्यांपैकी किती किलोमीटर प्रवासी गाडीत होता. महिनाभरानंतर कोणत्या वेळी, कोणत्या भागात गाडी अधिक रिकामी धावते, हे आपोआप दिसू लागेल. संघटनांनी सरकारपुढे वा कंपनीपुढे मांडावयाचा याहून चांगला पुरावा नाही. फेरी स्वीकारल्यानंतर मात्र ती पाळावी. नाकारावयाची तर स्वीकारण्यापूर्वीच नाकारावी. चालकाने ई-श्रम संकेतस्थळावर आपली नोंदणी करून ठेवणे हिताचे आहे.

उपसंहार

स्टँड आणि ॲप यांचा वाद हा जुने विरुद्ध नवे असा मांडला जातो. वर केलेल्या विवेचनावरून तो मुख्यतः रिकाम्या फेऱ्याचा वाद आहे, हे ध्यानात येईल. स्टँडने तो भार प्रवाशावर टाकला, ॲपने चालकावर. जोवर हा खर्च उघडपणे मोजला जात नाही, तोवर प्रवाशाला भाडे लुबाडणूक वाटेल व चालकाला दर अन्याय्य वाटेल, आणि दोघे एकमेकांना दोष देत राहतील. पावतीवर अंतर व भाडे यांबरोबर चालकाला मिळालेली रक्कमही छापली गेली, तसेच एका भागातील चालकाला दुसऱ्या भागातून परतीचा प्रवासी घेण्याची मुभा परस्परसंमतीने मिळाली, तर या भांडणाचा बराचसा भाग आपोआप मिटेल. हे काम कायदा, कंपनी आणि संघटना या तिघांनी मिळून करावयाचे आहे. हिशेब समजून घेण्याचे काम मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला आजच करता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात परतीचा प्रवासी अर्ध्या भाड्याने, म्हणजे ₹३५० मध्ये आणला, तर चालकाच्या हाती किती रक्कम राहील ? (उत्तर : ₹४४०)

२. स्टँडची व्यवस्था व ॲपची व्यवस्था यांत रिकाम्या फेऱ्याचा भार कोणावर पडतो ते सोदाहरण स्पष्ट करा.

३. आपल्या गावी हंगामात व पावसाळ्यात टॅक्सीच्या उपलब्धतेत कोणता फरक पडतो, याची नोंद करा.

४. जवळच्या स्टँडवरील एका चालकास भेटून एका दिवसातील एकूण व भरलेले किलोमीटर विचारा आणि त्यांचे प्रमाण काढा.